साथीचे गणित आणि घरातील ज्येष्ठ

पावसाळ्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक घरांत एक ठरलेला क्रम दिसतो. आधी शाळेतून आलेले नातवंड शिंकू लागते, मग त्याच्या आईचा घसा धरतो आणि शेवटी आजोबांना खोकला सुरू होतो. नातवाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, आई आठवडाभरात कामाला लागते. आजोबांचा कफ मात्र छातीत उतरतो आणि कित्येकदा प्रकरण रुग्णालयापर्यंत जाते. आजोबांचा प्रश्न साधा असतो : “मी तर घराबाहेरही पडलो नाही, मग मलाच का?”

या प्रश्नाचे उत्तर केवळ आजोबांची छाती तपासून मिळत नाही. ते शोधण्यासाठी घरात कोण कोणाला भेटले, गावात किती जण आजारी होते, एका रुग्णापासून किती जणांना लागण झाली, हे पाहावे लागते. म्हणजे येथे हिशेब मांडावा लागतो. रोगाचा फैलाव समीकरणांत मांडून त्याची पुढची वाटचाल ताडण्याच्या या पद्धतीला गणिती प्रतिमान, किंवा आजच्या बोलीत मॉडेल, असे म्हणतात. कोविडच्या काळात हा शब्द घराघरांत पोहोचला. परंतु त्याचा अर्थ आणि त्याच्या मर्यादा मात्र फारशा पोहोचल्या नाहीत. जगभर आजही शिकवल्या जाणाऱ्या या विषयातील सर्वांत प्रसिद्ध प्रतिमानाची पहिली पारख मुंबईच्या प्लेगच्या आकड्यांवर झाली होती, हेही फार थोड्यांना ठाऊक आहे.

मुंबईचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे, म्हणजेच प्लेगचे, निदान केले. त्यानंतर हा रोग मुंबईत, पुण्यात आणि पुढे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पसरला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा हलवण्यात आली. तीच आजची हाफकिन संस्था.

आपल्यापैकी अनेकांनी आजी-पणजीकडून या काळाच्या आठवणी ऐकल्या असतील. घरात उंदीर पडला की लोक समजून जात. गाव सोडून रानात, शेतात झोपड्या बांधून राहायला जात आणि साथ ओसरल्यावर परतत. जंतू, पिसू, संसर्ग हे शब्द त्यांच्या कानावर आले असतील वा नसतील; पण दाटीवाटीची वस्ती मोडली की रोगाची साखळी तुटते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

मुंबईत दर आठवड्याला प्लेगने किती मृत्यू झाले याची नोंद ठेवली जात असे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील आकडे कागदावर मांडले तर एक टेकडी दिसते : सुरुवातीला थोडे मृत्यू, मग भराभर वाढ, शिखरावर आठवड्याला सुमारे नऊशे आणि मग जवळपास तशीच उतरण. या टेकडीचा आकार समीकरणातून काढता येईल का, हा प्रश्न दोन दशकांनंतर स्कॉटलंडमधील दोघांनी हाती घेतला.

एक डॉक्टर, एक रसायनशास्त्रज्ञ आणि एक विहीर

त्यांतील एक होते अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी बरीच वर्षे काम केले आणि १९२० मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव ते एडिंबरोला परतले. तरुणपणी, १९०१ मध्ये, ते सर रोनाल्ड रॉस यांच्यासोबत हिवतापाविरुद्धच्या मोहिमेवर आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले होते. हिवतापाचा परोपजीवी डासाच्या शरीरात वाढतो हे १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे शोधून काढणारे, आणि त्यासाठी १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे, तेच हे रॉस. रॉस यांना गणिताचे विलक्षण वेड होते. हिवताप घालवायचा तर शेवटचा डाससुद्धा मारावा लागेल आणि ते अशक्य आहे, असा आक्षेप त्या वेळी घेतला जाई. रॉस यांनी समीकरणे मांडून दाखवले की सगळे डास मारण्याची गरज नसते. डासांची संख्या एका विशिष्ट पातळीखाली आणली की रोग आपोआप विझत जातो.

दुसरे होते विल्यम ओगिल्व्ही केरमॅक, तरुण रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी कायमची गेली. तेव्हा ते पंचविशीच्या घरात होते. पुढची सारी गणिते त्यांनी डोळ्यांशिवाय, मनातल्या मनात धरून केली.

या दोघांच्या संयुक्त कामाकडे वळण्यापूर्वी मॅकेंड्रिक यांचा एक छोटा हिशेब पाहण्यासारखा आहे. खेड्यात राहणाऱ्या वाचकाला तो लगेच पटेल. १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात त्यांनी भारतातील एका खेड्यातील पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीचे आकडे घेतले. गावात २२३ घरे. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार रुग्ण.

वरवर पाहता वाटेल की १६८ घरे रोगाच्या वाटेलाच आली नव्हती. मॅकेंड्रिक यांनी उलट बाजूने विचार केला. एखाद्या घरातील सगळे जण धोक्यात असूनही नशिबाने कोणीच आजारी पडले नाही, असेही होऊ शकते. एक, दोन, तीन रुग्ण असलेल्या घरांचे प्रमाण पाहून अशी नशीबवान घरे किती असावीत, हे गणिताने काढता येते. त्यांचे उत्तर आले की गावातील सुमारे ९३ घरेच धोक्यात असावीत. त्यांपैकी ५५ घरांत रुग्ण निघाले, उरलेली ३८ केवळ योगायोगाने वाचली आणि बाकीच्या घरांचा त्या संसर्गाशी संबंधच आला नाही. म्हणजे गावात अनेक विहिरी असाव्यात, त्यांतील एकच दूषित असावी आणि ही ९३ घरे तिचेच पाणी पीत असावीत. प्रत्यक्ष चौकशीत तशी एक दूषित विहीर सापडली.

या हिशेबातील खरा धडा त्या ३८ घरांचा आहे. “आमच्या घरात कोणाला काही झाले नाही, म्हणजे आमचे पाणी चांगले आहे” असे त्या घरांतील लोक निश्चितच म्हणत असतील. ते त्याच विहिरीचे पाणी पीत होते.

तीन गट, दोन वाटा

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा साथींच्या गणितावरील निबंध १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समीकरणे बाजूला ठेवली तर त्यामागील कल्पना कोणालाही समजेल अशी आहे.

एखाद्या वस्तीतील माणसांचे तीन गट करा. पहिला गट अबाधितांचा : ज्यांना अजून रोग झालेला नाही, पण होऊ शकतो. दुसरा गट बाधितांचा : जे आज आजारी आहेत आणि इतरांना रोग देऊ शकतात. तिसरा गट साखळीतून बाहेर पडलेल्यांचा : जे बरे होऊन रोगाला पुन्हा बळी पडत नाहीत, किंवा जे दगावले. पहिल्या गटातून दुसऱ्यात जाण्याची वाट म्हणजे लागण. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याची वाट म्हणजे बरे होणे अथवा मृत्यू. लागण किती वेगाने होईल हे दोन गोष्टींवर ठरते : आजारी किती आणि त्यांना भेटणारे अबाधित किती.

उन्हाळ्यात शेताच्या धुऱ्यावर पेटलेल्या वाळक्या गवताचे उदाहरण घ्या. ठिणगीच्या चारही बाजूंना वाळके गवत असेल तर आग झपाट्याने पसरते. जळून गेलेली जागा वाढत गेली, मध्ये ओली हिरवळ आली, की ठिणग्या रिकाम्या जागी पडू लागतात. थोडे वाळके गवत शिल्लक असतानाच आग विझते. साथीचेही तसेच होते, हा या निबंधाचा मोठा निष्कर्ष. साथ संपण्यासाठी सर्वांना रोग होण्याची आवश्यकता नसते. अबाधितांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की साथ उतरणीला लागते. लसीकरणाचे सारे गणित याच उंबरठ्यावर उभे आहे. कारण लस माणसाला रोग न होताच पहिल्या गटातून तिसऱ्या गटात नेऊन ठेवते.

हजार वस्तीच्या गावाचा हिशेब

कोविडच्या काळात वृत्तपत्रांतून जिचा वारंवार उल्लेख झाला ती ‘आर’ संख्या येथूनच येते. कोणालाही प्रतिकारशक्ती नसताना एक रुग्ण सरासरी जितक्या जणांना रोग देतो, ती ही संख्या. गोवरासाठी ती बारा ते अठरा मानली जाते. म्हणूनच गोवर रोखायचा तर शंभरातील सुमारे पंच्याण्णव मुलांना लस मिळावी लागते. नेहमीच्या हंगामी फ्लूसाठी ती दीडच्याही आत असते.

आता आमच्या बीबी परिसरातील एखाद्या हजार वस्तीच्या गावाची कल्पना करू. तेथे एक नवा ताप आला आणि त्याची ‘आर’ संख्या दोन आहे असे समजू. काहीच काळजी घेतली नाही तर प्रतिमानानुसार साथ संपेपर्यंत हजारातील सुमारे ८०० जणांना लागण होईल.

त्याच गावाने भेटीगाठींपैकी एक चतुर्थांश टाळल्या, म्हणजे चारातील एक भेट कमी झाली, तर ‘आर’ संख्या दीडवर येते आणि एकूण लागण सुमारे ५८० जणांपर्यंत थांबते. पाचातील दोन भेटी टळल्या तर संख्या १.२ वर येते आणि लागण सुमारे ३१० जणांपुरती राहते. निम्म्याहून अधिक भेटी टळल्या तर साथ उभीच राहत नाही.

हे आकडे काल्पनिक गावाचे आहेत, पण त्यांतील प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. काळजी चाळीस टक्के घेतली आणि लागण साठ टक्क्यांनी घटली. या गावात शंभर ज्येष्ठ नागरिक असतील आणि त्यांनाही इतरांइतकीच लागण होत असेल, तर पहिल्या स्थितीत ८० ज्येष्ठ आजारी पडतील, शेवटच्या स्थितीत ३१. उरलेल्या ४९ जणांनी स्वतः वेगळे काहीच केलेले नसेल. त्यांचे आजारपण इतरांनी टाळलेल्या भेटींमुळे टळले.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. ते घराबाहेर पडले नाहीत, पण शाळेत जाणारा नातू, बाजाराला जाणारी सून, गावातील प्रत्येक कार्याला हजेरी लावणारा मुलगा, हे सगळे बाहेर पडले. म्हाताऱ्या माणसापर्यंत रोग बहुधा शेवटच्या टप्प्यात पोहोचतो आणि तो घरातल्याच कोणाच्या तरी हातून पोहोचतो. वय वाढले की शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. लस घेतली तरी तरुणाच्या शरीरात ती जितके संरक्षण निर्माण करते तितके वृद्धाच्या शरीरात करत नाही. म्हणून ज्येष्ठांच्या संरक्षणाचा मोठा भाग त्यांच्या भोवतालच्या माणसांवर अवलंबून राहतो.

आकडे जुळले, कारण जुळले का?

आता मुंबईच्या प्लेगकडे पुन्हा वळू. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी आपल्या समीकरणातून काढलेली वक्ररेषा मुंबईच्या साप्ताहिक मृत्यूंच्या आकड्यांवर ठेवली आणि ती आश्चर्य वाटावे इतकी चपखल बसली. आजही साथरोगांच्या पाठ्यपुस्तकांत ही आकृती आवर्जून दाखवली जाते.

परंतु शंका घेण्यास जागा होती आणि ती प्रथम त्या दोघांनीच दाखवली. त्यांनी निबंधातच नमूद केले की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे. बेटावरील प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखीच, पिसवा भरपूर, रोगाचा जोर कायम तोच, ही सारी गृहीतके त्यांनी धरली होती. त्यांतील एकही काटेकोरपणे खरे नाही, म्हणून हे आकडे अगदी ढोबळ समजावेत, असा इशारा त्यांनी दिला.

शंका किती रास्त होती हे साध्या हिशेबाने कळते. त्या वेळी मुंबईची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती आणि त्या हंगामात प्लेगने सुमारे नऊ हजार माणसे गेली. म्हणजे शंभरातील एकाहूनही कमी. मग साथ ओसरली ती रोग होऊ शकणारी माणसे संपली म्हणून, असे कसे म्हणावे? आणि प्लेग तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आला, त्यापुढच्या वर्षीही आला. परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने त्या काळात हजारो उंदीर तपासले. उंदरांतली साथ आधी शिगेला पोहोचते आणि काही दिवसांनी माणसांतली, तसेच उंदरांवरील पिसवा हा रोग माणसाकडे आणतात, हे त्या कामातून पक्के झाले. उन्हाळ्याच्या कोरड्या, कडक उष्णतेत पिसवा तग धरत नाहीत आणि साथ उतरते. टेकडीच्या उतरणीमागे ऋतूचा मोठा हात होता आणि तो समीकरणात कोठेच नव्हता. अलीकडच्या काळात गणितज्ञांनी ऋतुचक्र धरून या आकड्यांची नव्याने मांडणी केली आहे.

यातून प्रतिमान टाकाऊ ठरत नाही. तीन गटांची कल्पना आणि उंबरठ्याचा नियम आजही उभा आहे. मात्र एखादी रेषा आकड्यांवर चपखल बसली म्हणजे तिच्यामागील कारणही खरेच असते, असे मानू नये, हे मुंबईच्या प्लेगने शिकवले. घरच्या आरोग्यातही हे नेहमी घडते. काढा घेतला आणि पाचव्या दिवशी सर्दी गेली, म्हणून सर्दी काढ्याने गेली असे ठरत नाही. ती बहुधा पाचव्या दिवशी जाणारच असते. प्रतिजैविकांच्या गोळ्यांचेही तसेच. साधी सर्दी विषाणूंची असते आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत.

शंभर वर्षांनंतरची मुंबई

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्याजवळ कागद आणि बुद्धी होती. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा संगणक होते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील संशोधकांनी संगणकात सबंध मुंबई उभी केली. तिच्यातील प्रत्येक काल्पनिक माणसाला घर दिले, वय दिले, शाळा अथवा कामाची जागा दिली. झोपडपट्टीतील दाटी आणि लोकलचा प्रवास हिशेबात धरला. मग लोकल सुरू केली तर काय होईल, कार्यालये अर्ध्या उपस्थितीने चालवली तर काय होईल, हे प्रत्यक्ष शहरावर प्रयोग न करता पाहता आले.

जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा संस्था यांनी तीन प्रभागांत सुमारे सात हजार लोकांचे रक्त तपासले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे आढळली, तर इतर वस्तीत १६ टक्के लोकांच्या. एकाच प्रभागात, एकाच वेळी, एकच विषाणू; फरक होता तो घरांच्या दाटीचा आणि सामायिक सोयींचा. सर्वांना सारखीच लागण होते हे जुने गृहीतक किती अपुरे आहे, ते या दोन आकड्यांनी दाखवले.

त्याच वर्षी दुसरा धडाही मिळाला. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या प्रतिमानाच्या आधारे सांगितले की सर्वोच्च शिखर मागे पडले असून काळजी घेणे चालू राहिले तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल. प्रत्यक्षात त्याच फेब्रुवारीत आमच्या अमरावती विभागात रुग्ण पुन्हा वाढू लागले आणि पुढच्या तीन महिन्यांत देशाने दुसरी लाट पाहिली. विषाणूने रूप बदलले होते, डेल्टा हा अधिक वेगाने पसरणारा प्रकार आला होता, आणि लोकांचे वागणेही सैल झाले होते. कालच्या विषाणूवर बेतलेल्या समीकरणाला उद्याचा विषाणू ठाऊक नसतो.

म्हणून “आता साथ संपली” किंवा “अमुक महिन्यात लाट येणार” अशी बातमी वाचली की दोन प्रश्न अवश्य विचारावेत. हे कशाच्या आधारे सांगितले आहे? आणि कोणती अट पाळली गेली तर ते खरे ठरणार आहे?

घरासाठी याचा अर्थ

साथीचे प्रतिमान समूहाविषयी बोलते. ते अमुक आजींना रोग होईल की नाही हे सांगू शकत नाही. पण घरातील साखळी कोठे तोडता येईल, हे ते स्पष्टपणे दाखवते.

पहिली जागा म्हणजे आजाऱ्याला भेटायला येणारी माणसे. आपल्याकडे घरात कोणी आजारी पडले की भाऊबंद, सोयरे, शेजारी भेटून जातात. त्यामागील माया मोलाचीच आहे. पण अंथरुणावरील आजीला दिवसभरात दहा जण भेटले तर त्या दहा वाटा होतात आणि त्यांतील एखादा जरी सर्दीचा असला तरी पुरे. साथीच्या दिवसांत भेटणाऱ्यांना अंगणातूनच राम राम करण्यास किंवा फोनवर बोलण्यास सांगावे. शुश्रूषेसाठी शक्यतो एकच माणूस नेमावा आणि तो स्वतः ठणठणीत असावा.

दुसरी जागा नातवंडे. सर्दी-ताप असलेल्या मुलाने चार-पाच दिवस आजी-आजोबांच्या खोलीत झोपू नये, त्यांच्या ताटात जेवू नये. तेवढे दिवस शाळाही बुडाली तरी चालेल. जागा अपुरी असेल तर खिडक्या-दारे उघडी ठेवावीत, आजारी माणसाने तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधावा, हात साबणाने धुवावेत.

तिसरी जागा लस. फ्लूचा विषाणू बदलत राहतो म्हणून त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात साथ वाढते, तेव्हा ती त्याआधी घेतलेली बरी. न्यूमोनियाची लसही ज्येष्ठांसाठी उपलब्ध आहे. मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी याविषयी अवश्य बोलावे. आणि शुश्रूषा करणाऱ्या सुनेने, मुलाने अथवा मदतनिसाने स्वतः फ्लूची लस घेणे, हे आजींनी लस घेण्याइतकेच उपयोगी आहे. याचे कारण वरच्या हिशेबात आलेच आहे.

चौथी जागा पाणी. मॅकेंड्रिक यांची विहीर विसरू नये. गल्लीत एकाच वेळी दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर आपल्या घरात कोणी आजारी नसले तरी त्या पाण्यावर विश्वास ठेवू नये. ते उकळून प्यावे आणि आशाताईंना किंवा ग्रामपंचायतीला लगेच कळवावे. ज्येष्ठांच्या शरीरातील पाणी लवकर घटते. पहिल्या जुलाबापासूनच क्षारसंजीवनी द्यावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा हृदयाच्या अथवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

पाचवी जागा डास. रॉस यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे डास मरण्याची वाट पाहावी लागत नाही. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस रांजण, टाकी, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या केल्या की ही साखळी मध्येच तुटते. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ या हिशेबावरच बेतलेला आहे. आणि शेजारच्या पाच घरांनीही तो पाळला तरच संख्या उंबरठ्याखाली जाते.

केव्हा थांबू नये

काळजी घेऊनही आजार होऊ शकतो. अशा वेळी सरासरीचा आधार घेऊन बसू नये. “सगळ्यांचा ताप तीन दिवसांत उतरतो आहे” हे वाक्य गावापुरते खरे असेल, पण आपल्या आईला ते लागू पडेलच असे नाही. वृद्धांत न्यूमोनिया असूनही ताप फारसा चढत नाही. पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे : अचानक असंबद्ध बोलणे किंवा माणसे न ओळखणे, दिवसभर गुंगीत राहणे, खाणे-पिणे थांबणे, तोल जाऊन पडणे, लघवी खूप कमी होणे, शांत बसले असताना श्वास मिनिटाला २४ पेक्षा अधिक चालणे, बोटाच्या यंत्रावर प्राणवायू ९४ च्या खाली जाणे. श्वास मोजणे कोणालाही जमते. छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट घड्याळ लावावे.

शेवटी एक सांभाळून सांगण्याची गोष्ट. साखळी तोडणे म्हणजे म्हाताऱ्या माणसांना खोलीत कोंडणे नव्हे. एकटेपणाने भूक मंदावते, झोप उडते, मन खचते आणि त्याचा परिणाम शरीरावर होतो. साथ जोरात असते ते तीन-चार आठवडे दाट गर्दी, बंद खोलीतील समारंभ आणि सर्दी असलेल्यांची जवळीक टाळावी. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसावे, शेजाऱ्यांशी हाताच्या अंतरावरून बोलावे, मोकळ्या रस्त्याने फिरून यावे. चारातील एक भेट टाळली तरी साथ किती आखडते, हे आपण पाहिले. उरलेल्या तीन भेटी आनंदाने घ्याव्यात. कोणती एक टाळायची, एवढे मात्र घरातील सर्वांनी मिळून ठरवावे.